खर्चाची मर्यादा कोणी ठरवावी?

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पुष्कळ शहरांच्या मतदारांस दर चार वर्षांनी असा एक प्रश्न विचारला जातो की ज्यास आमच्या इकडील नगरपालिकांच्या कायद्यांत जागाच नाही. राज्याच्या घटनेने आखून दिलेल्या मर्यादेतच तुमच्या शहराने खर्च करावा, की ती बाजूस ठेवून तुमच्या नगरमंडळाने ठरविलेल्या मर्यादेने चार वर्षे चालावे, एवढाच तो प्रश्न. दिसण्यात तो जमाखर्चाचा आहे. पण नगराचा धनी कोण, हा वाद त्याच्या पोटात आहे.

ह्या व्यवस्थेचा उगम 1980 सालचा. शेजारच्या कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये घरपट्टीस आणि 1979 मध्ये सरकारी खर्चास वेसण घातली होती. तोच वारा पुढे ॲरिझोनात शिरला व जून 1980 मध्ये तेथील मतदारांनी आपली घटना दुरुस्त केली. 1979-80 साली ज्या शहराने स्थानिक उत्पन्नातून जेवढा खर्च केला तेवढा त्याचा पाया धरावयाचा, आणि लोकसंख्या व महागाई ह्यांच्या मानाने तो दरसाल वाढवावयाचा. हा हिशेब राज्याचे एक मंडळ करते. कर्जाची फेड, केंद्राकडून आलेले पैसे अशा काही बाबी त्यातून वगळल्या आहेत.

आता ह्या पायाकडे जरा निरखून पाहावे. ज्या गावाने त्या एका वर्षी काटकसर केली, रस्त्याची डागडुजी पुढे ढकलली, त्याचा पाया कायमचा आखूड झाला. ज्याने सढळ हाताने उधळले त्याचा लांब झाला! नीटनेटक्या संसारास दंड आणि उधळ्यास इनाम, असा हा न्याय. शिवाय सूत्र मोजते ते रहिवाशांस. सेडोना गावाची वस्ती 10 हजारांच्या आत-बाहेर, पण तेथील तांबडे डोंगर पाहण्यास येणारे प्रवासी वर्षास लाखोंनी मोजावे लागतात. त्यांच्या रस्त्यांचा, सांडपाण्याचा व पोलिसांचा भार गावावर पडतो. सूत्रास मात्र ते दिसतच नाहीत. दूर बसून आखलेली एकच रेघ सर्व गावांस लावली म्हणजे असे व्हावयाचेच.

म्हणूनच त्या घटनेत ठेवलेली पळवाट आम्हास मूळ मर्यादेहून अधिक मोलाची वाटते. नगरमंडळाने दोन तृतीयांश मतांनी पर्यायी मर्यादा सुचवावी, तीवर दोन जाहीर सुनावण्या घ्याव्यात, मग ती मतदारांपुढे ठेवावी. बहुमत मिळाले तर ती चार वर्षे चालेल, न मिळाले तर राज्याची मर्यादा लागू होईल व निदान दोन वर्षे पुन्हा विचारता येणार नाही. मतदानापूर्वी दोन्ही मार्गांनी किती खर्च होईल त्याचे अंदाज छापून लोकांस द्यावे लागतात. ही पर्यायी मर्यादा म्हणजे पुष्कळदा नगरमंडळाचे त्या-त्या वर्षीचे अंदाजपत्रकच असते, मग ती मर्यादा कसली, असा आक्षेप तेथील टीकाकार घेतात, व तो खोटा नाही. परंतु चार वर्षांनी पुन्हा त्याच दारात उभे राहून हिशेब सांगावयाचा आहे, ही जाणीव आकड्याच्या कोणत्याही कुंपणाहून अधिक धाक घालते.

सामान्य मतदारास अंदाजपत्रकातले काय कळते, असे आमच्याकडील विद्वान विचारतील. ज्यास घरपट्टीचे बिल कळते, नळास पाणी किती वेळ येते ते कळते, त्यास एवढे कळणार नाही हे आम्ही मानीत नाही. आणि ज्यांस कळते म्हणून समजले जाते त्यांच्या हाती सर्व सोपविल्याने काय होते, ते मुंबईने नुकतेच पाहिले आहे. तेथील महानगरपालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली व पुढची निवडणूक जानेवारी 2026 मध्ये झाली. मधल्या वर्षांत अंदाजपत्रक मांडणारा प्रशासक आणि त्यास मंजुरी देणाराही प्रशासकच! 2025-26 चे अंदाजपत्रक 74 हजार 427 कोटी रुपयांचे होते. त्यातील एका रुपयावरही लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचे मत पडले नाही. हा कारभार कायद्याबाहेरचा होता असे आमचे म्हणणे नाही. कायद्याने तो चालू शकला, हेच आमचे गाऱ्हाणे आहे.

ॲरिझोनाची खर्चमर्यादा जशीच्या तशी येथे आणावी असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. ज्या शहरांत अजून गटारे व्हावयाची आहेत तेथे खर्चास कुलूप घालणे हा शहाणपणा नव्हे. आणावयाची ती विचारण्याची रीत. स्थायी समितीपुढे अंदाजपत्रक जाण्यापूर्वी प्रत्येक प्रभागात त्याची सोप्या मराठीत छापलेली प्रत वाटली जावी व दोन जाहीर सुनावण्या व्हाव्यात. निवडून आलेली सभा अस्तित्वात नसेल त्या काळात प्रशासकास चालू कामे व पगार ह्यांपलीकडे नव्या खर्चाची मंजुरी स्वतःच देता येऊ नये. एवढी दुरुस्ती विधिमंडळास एका अधिवेशनात करता येण्याजोगी आहे, आणि नव्या नगरसेवकांनी तिची मागणी आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकाबरोबर ठरावाने करावी.