तलाव कुणाचा?

शाश्वत विकासावर बोलायला उभे राहिलो की आपण थेट वसुंधरा परिषदेपर्यंत जाऊन पोहोचतो. वाटेत गावचा तलाव लागतो, तिकडे कुणाचे लक्ष जात नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत असे हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. बोलण्यात त्यांचे नाव 'मामा तलाव'. मामा आहेत, भाचे कुठे गेले कोण जाणे!

आपला मुलूख धानाचा. पाऊस येथे कमी नाही, पण तो शेवटी दगा देतो. ऐन लोंबी भरण्याच्या वेळी एक पाणी मिळाले नाही तर चार महिन्यांची मेहनत तणसात जाते. ते एक पाणी देण्यासाठीच हे तलाव होते. पाणी पाटाने बांधीत उतरे, उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतात पडे, मासे आणि शिंगाडे ढिवरांचे पोट भरीत. जो तलाव बांधील त्याला त्याखाली भिजणारी जमीन, अशी गोंड राजांची रीत होती असे सांगतात. बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचा हात मोठा.

१९५१ साली मालगुजारी गेली. ते योग्यच झाले. मालगुजार काही संत नव्हते, आणि वेठबिगारीच्या आठवणी गोड नाहीत. पण तलाव सरकारजमा होताच गावाचा हात त्यावरून निघाला. सरकारने पाणीपट्टी मागितली, लोकांनी निस्तार हक्क दाखवला, आणि या ओढाताणीत पाळीची डागडुजी कुणीच केली नाही. पुढे गाळ साचला, बेशरम माजली, बुडीत क्षेत्रात धुरे पडले. १९८८ साली गोसीखुर्दची पायाभरणी झाली आणि आपण कालव्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलो. कालवा यावा, त्याला विरोध नाही. पण दाराशी असलेला तलाव बुजू देऊन दूरच्या धरणाची वाट पाहणे, हे कसले शहाणपण?

माझे म्हणणे असे, की तलाव ग्रामसभेच्या हवाली करावा. हे अशक्य म्हणणाऱ्यांनी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) पाहावे. २००९ साली त्या गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकू लागली. ज्या २००६ च्या वनहक्क कायद्याने हे घडले, त्यातच वनातील जलाशयांचे मासे व इतर उपज यांचाही सामूहिक हक्क लिहिलेला आहे. बांबूचे कलम सर्वांना पाठ, माशाचे कलम कुणी वाचत नाही. हक्कासोबत ढिवरांचा वाटा मात्र आधी ठरावा, नाहीतर ग्रामसभेच्या नावाखाली पाळीखालचे मोठे शेतकरीच नवे मालगुजार होतील.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा घाण होतात. येत्या हिवाळ्यात शिबिर एखाद्या तलावावर न्यावे. बेशरम मुळासकट उपटावी, तलाठ्याकडून जुना नकाशा मागवून बुडीत क्षेत्र मोजावे, आणि अतिक्रमण कुणाचे आहे ते ग्रामसभेत वाचून दाखवावे. अर्थशास्त्राच्या आणि भूगोलाच्या सरांनी सोबत यावे, ही विनंती.