गवताची उशी आणि नर्सीची वाट

कलावंताने माणसांच्या सुखदुःखापासून अलिप्त राहावे, निसर्गात एकट्याने हिंडावे आणि तेथे गवसणारे सौंदर्यच तेवढे शुद्ध मानावे, असे मत अधूनमधून मोठ्या अभिमानाने मांडले जाते. या मतास आमचा स्पष्ट विरोध आहे.

त्याच्या समर्थकांना नात्सुमे सोसेकी या जपानी लेखकाची 'कुसामाकुरा' (१९०६) ही कादंबरी जवळची वाटेल. नावाचा अर्थ 'गवताची उशी', अर्थात प्रवास. तीस वर्षांचा एक चित्रकार डोंगर ओलांडून उन्हाळ्याच्या झऱ्यांच्या गावी जातो. भेटणारी माणसेही चित्रातील आकृत्यांप्रमाणे, मन न गुंतवता पाहावीत, असा त्याचा निश्चय असतो. परंतु तेथील नामी नावाच्या स्त्रीचे चित्र त्याला साधत नाही, कारण तिच्या मुखावर करुणा नाही. अखेर रशियाशी चाललेल्या युद्धावर निघालेल्या चुलतभावाला निरोप देताना तिला त्याच गाडीत आपला पूर्वीचा पती दिसतो. दारिद्र्याने गांजलेला तो मांचुरियाला निघालेला असतो. तिच्या मुखावर करुणा उमटते आणि चित्रकाराच्या मनातील चित्र त्या क्षणी पूर्ण होते. ते पूर्ण होते रेल्वेच्या फलाटावर, निर्जन डोंगरात नव्हे! अलिप्ततेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे शेवटचे पान पुन्हा वाचावे.

आपल्याला इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वंदिले जाते. नामदेवही वाटसरूच होते. पंजाबातील घुमानपर्यंत ते पोहोचले. पण ही वाट त्यांना माणसांपासून दूर नेणारी नव्हती. म्हणूनच त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव लोककथेने जपले, ते उगाच नव्हे.

मग एकांत त्याज्य आहे काय? मुळीच नाही. प्रभू येशू चाळीस दिवस अरण्यात राहिला. पण तेथून तो गालिलातील आजारी, भुकेल्या माणसांकडे आला. एकांताची कसोटी परतण्यात आहे. आपल्या धर्मग्रामांतील तरुण कवी-चित्रकारांनी डोंगरदऱ्यांत अवश्य जावे. मात्र परतल्यावर शेजाऱ्याचे दुःख ज्याला अधिक स्पष्ट दिसत नाही, त्याने निसर्ग पाहिला असे आम्ही मानणार नाही.