समुद्राची राखण

बीड जिल्ह्याला समुद्र नाही; मग गस्तनौकांची चर्चा येथे कशाला, असे कोणी विचारील. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर बळकावलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार नौकेतून मुंबईपर्यंत येऊन पोचले. त्या मुंबईत आपल्या जिल्ह्यातील कितीतरी माणसे पोटासाठी राहतात. त्या रात्री उणीव भासली ती पाळतीची.

युद्धनौका म्हटली की तोफा व क्षेपणास्त्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. गस्तनौकेचे बळ मात्र दीर्घकाळ समुद्रावर टिकण्यात असते. गोवा शिपयार्डने बांधलेली ‘सुमित्रा’ १०५ मीटर लांबीची. तिच्यावर ७६ मिलिमीटरची एकच मोठी तोफ व एका हेलिकॉप्टरपुरती जागा आहे. परंतु एकदा इंधन भरले की सहा हजार सागरी मैल ती जाऊ शकते. २०१५ मध्ये तिने युद्धग्रस्त एडनमधून सुमारे साडेतीनशे भारतीयांस बाहेर काढले. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाच्या चाच्यांच्या हातून तिने ३६ मच्छीमार सोडविले. त्यांत १९ पाकिस्तानी होते.

मार्च २०२३ मध्ये सरकारने अशा अकरा नव्या नौकांचा करार केला. त्याचे आम्ही स्वागत करतो. तथापि जलावतरणाचा सोहळा झाला म्हणजे कर्तव्य संपले, असे नव्हे. इंधन, दुरुस्ती व खलाशी यांची तरतूद वर्षानुवर्षे व्हावयास हवी. जोंधळ्याच्या राखणीला नुसता माळा बांधून भागत नाही; माळ्यावर जागा माणूस लागतो. आमचा शेतकरी हे जाणतो. सरकारनेही ते विसरू नये.