राखीव वर्षाचा जमाखर्च

निवडणुकीत जुना पक्ष हरला की गुलाल उधळला जातो, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी जो तो आपल्या कामाला लागतो. मिळालेल्या सत्तेचे पुढे काय झाले, हे पाहायला फारसे कोणी थांबत नाही. आम्ही पडलो कारकून. सही झाली म्हणून व्यवहार पुरा झाला असे आम्ही मानत नाही; रक्कम खात्यात जमा झाली का, ते पाहतो. त्याच सवयीने आज दिल्ली महानगरपालिकेचा हिशेब वाचकांपुढे मांडत आहोत.

दिल्लीच्या पालिकेत २००७ पासून भारतीय जनता पक्षाची सत्ता होती. २०१२ साली पालिकेचे तीन तुकडे झाले, तरी ती टिकली. २०१७ सालीही टिकली. मे २०२२ मध्ये तिन्ही पालिका पुन्हा एक झाल्या आणि ४ डिसेंबर २०२२ रोजी २५० प्रभागांसाठी मतदान झाले. त्यांपैकी ४२ प्रभाग अनुसूचित जातींसाठी राखीव होते. मतमोजणी ७ डिसेंबरला होती. म्हणजे ज्या शहरात बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, त्या शहराचा कौल त्या वर्षीच्या सहा डिसेंबरला यंत्रांत बंद होता. निकाल लागला तेव्हा आम आदमी पक्षाला १३४, भाजपला १०४, काँग्रेसला ९ आणि अपक्षांना ३ जागा मिळाल्या. पंधरा वर्षांची सत्ता एका दिवसात संपली.

हा झाला मतांचा हिशेब. आता खुर्चीचा पाहू.

नव्या सभागृहाला महापौर निवडायचा होता. ६ जानेवारी, २४ जानेवारी आणि ६ फेब्रुवारी २०२३ अशा तीन बैठका गोंधळात बुडाल्या. वाद होता तो उपराज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांना मत द्यायचा अधिकार आहे की नाही, याचा. अखेर १७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नेमलेल्या सदस्यांना हा अधिकार नाही. आपल्या राज्यघटनेत तसे लिहिलेलेच आहे. मग २२ फेब्रुवारीला शैली ओबेरॉय १५० विरुद्ध ११६ मतांनी महापौर झाल्या. निकाल लागून तोवर अडीच महिने उलटले होते.

महापौर मिळाला, पण तिजोरीची किल्ली मिळाली नाही. पालिकेतील पाच कोटींवरच्या कंत्राटांचा मार्ग तेव्हा स्थायी समितीतून जात होता. ही अठरा सदस्यांची समिती मारामाऱ्यांत आणि कोर्टकचेऱ्यांत अडकली, ती जून २०२५ पर्यंत पूर्णपणे उभी राहिली नाही. पाच वर्षांच्या मुदतीतील निम्मा काळ असा गेला. निवडणुकीत दिलेल्या हमींत कचऱ्याचे तीन डोंगर हटवणे होते, कंत्राटी कामगारांना कायम करणे होते. गाजीपूर, भलस्वा आणि ओखला येथील त्या डोंगरांच्या पायथ्याशी कोण राहते, कचरा कोण वेचते, गटारात कोण उतरते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. सभागृहात बाके कोणत्याही पक्षाने वाजवली, तरी काम थांबल्याचा पहिला फटका त्याच घरांना बसतो.

पण आम्हांला सर्वांत जास्त लागली ती पुढची नोंद.

दिल्लीत महापौराची मुदत एक वर्षाची असते. कायद्याने पाच वर्षांतले पहिले वर्ष महिलेसाठी आणि तिसरे वर्ष अनुसूचित जातीच्या नगरसेवकासाठी राखून ठेवले आहे. पाच वर्षांत एक वर्ष, एवढाच आपला वाटा. हे तिसरे वर्ष एप्रिल २०२४ मध्ये सुरू व्हायचे होते. निवडणूक २६ एप्रिलला ठरली होती. ती झाली नाही. कारण बैठक चालवणारा पीठासीन अधिकारीच नेमला गेला नाही. मुख्यमंत्री तुरुंगात, त्यांची शिफारस नाही, म्हणून उपराज्यपालांची नेमणूक नाही. एक पक्ष दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसरा पहिल्याकडे. फाईल मात्र जागची हलेना.

शेवटी १४ नोव्हेंबर २०२४ रोजी निवडणूक झाली. आम आदमी पक्षाचे महेश खिची १३३ विरुद्ध १३० मतांनी निवडून आले. आणि २५ एप्रिल २०२५ रोजी नवा महापौर निवडला गेला. बारा महिन्यांच्या हक्कापैकी दलित महापौराच्या पदरात पडले पाच महिने आणि काही दिवस. उरलेले साडेसहा महिने कोणाच्या खात्यात गेले? बँकेत व्याज चुकले तर आपण व्यवस्थापकासमोर उभे राहतो. इथे मुद्दलच बुडाले, आणि ते भरून देण्याची तरतूद कुठेच नाही.

त्या २५ एप्रिलच्या निवडणुकीत आम आदमी पक्षाने भाग घेतला नाही आणि भाजपचे राजा इक्बाल सिंह १३३ मतांनी महापौर झाले. दिल्लीच्या नगरसेवकांना पक्षांतरबंदीचा कायदा लागू नाही; दरम्यान बरेच जण इकडून तिकडे गेले होते. मतदारांनी डिसेंबर २०२२ मध्ये संपवलेली सत्ता अडीच वर्षांत, मतदारांना पुन्हा न विचारता, परत आली.

यात नवल वाटू नये. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव दप्तरात राहिला. पाण्याला हात लावायला मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांना हजारोंसह चालत जावे लागले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने तो ठराव मागेही घेतला. कागदावरचा हक्क आणि हातातला हक्क यांत किती अंतर असते, हे आपल्या समाजाइतके कोणाला ठाऊक आहे?

आपल्याकडेही वेगळे काही घडलेले नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात राखीव प्रभागही नव्हते आणि खुलेही नव्हते. होता तो एक साहेब.

म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत, महिला मंडळाच्या हळूहळू रंगणाऱ्या गप्पांत एक साधी वही ठेवा. आपल्या पालिकेची मुदत केव्हा संपते, महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी आणि किती काळ राखीव आहे, सभा कोणत्या तारखेला होती आणि ती का झाली नाही, हे त्यात लिहा. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती ती वही द्या. तिचे अक्षर चांगले असते आणि तारखाही तिला पाठ राहतात. तारीख उलटली की दुसऱ्याच दिवशी पालिकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. साडेसहा महिने गेल्यावर ओरडून काय उपयोग? पहिल्या आठवड्यातच विचारणारे चार लोक उभे राहिले, तर फाईल हलवावीच लागते.