खाडीचे आकडे बाजारात लावा

तिसऱ्या आणल्या की मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवायच्या, म्हणजे वाळू सोडतात, हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं. का सोडतात, ते मात्र कुणी सांगत नाही. शिंपलीतला हा जीव पाणी आत ओढतो, त्यातलं खाणं गाळून घेतो आणि उरलेलं बाहेर टाकतो. त्याचं हे काम सतत चालू असतं. म्हणजे खाडीच्या पाण्यात जे असेल ते थोडंफार त्याच्या अंगात उतरणार, आणि मग आपल्या ताटात.

उरणच्या बाजारात तिसऱ्या विकणाऱ्या एका मावशींना मी सहज विचारलं, ‘‘मावशी, हल्ली वाटे एवढे लहान का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बाय, पूर्वी एका ओहोटीत टोपली भरायची. आता दोन ओहोट्या चिखल तुडवला तरी तळ झाकत नाही. पाणीच बदललंय.’’

पाणी बदललंय म्हणजे नेमकं काय झालंय? ते मोजायची सोय न्हावा शेव्यातच आहे. मार्च २०२३ मध्ये तिथल्या जेएनपीए बंदराने मद्रास आयआयटीच्या स्थापत्य विभागाच्या साथीने समुद्राच्या पाण्याची सतत तपासणी करणारं केंद्र सुरू केलं. तापमान, खारटपणा, गढूळपणा, अमोनिया, नायट्रेट, पाण्यात विरघळलेला प्राणवायू असं बरंच काही ते मोजतं. यातला प्राणवायू मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो कमी झाला की मासे जागा सोडून जातात. शिंपल्यांना पळता येत नाही.

बंदराने एवढ्या नामवंत संस्थेला बरोबर घेतलं, याचं मी स्वागतच करते. उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. पण हे काम इथे पहिल्यांदा झालं असं कुणी समजू नये. उरण तालुक्यातल्याच फुंडे गावच्या वीर वाजेकर महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी एप्रिल २००९ ते मार्च २०११ अशी दोन वर्षं, दर पंधरवड्याला, उधाणाच्या भरती-ओहोटीला शेवा आणि धरमतर खाड्यांतलं पाणी तपासलं होतं. तो अभ्यास २०१३ मध्ये परदेशातल्या नावाजलेल्या नियतकालिकात छापून आला. आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय त्याबद्दल? मीही उशिराच ऐकलं.

आकडे का हवेत, हे इथल्या कोळणींना वेगळं सांगायला नको. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठला, लोक हनुमान कोळीवाड्यात आले आणि तिथली घरं वाळवीने खाल्ली. पुढे खारफुटी गेली, भरतीच्या पाण्याच्या वाटा अडल्या, म्हणून मच्छीमार हरित लवादाकडे गेले. २०१५ मध्ये लवादाने १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. त्यानंतरही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच. अशा ठिकाणी ‘पूर्वी टोपली भरायची’ हे बाईचं बोलणं कोण लिहून घेतो? तिथे कागद लागतो, तारीख लागते, आकडा लागतो.

म्हणून माझं म्हणणं असं की बंदर आणि आयआयटी या जोडीत तिसरा भागीदार हवा: फुंड्याचं कॉलेज आणि खाडीत उतरणाऱ्या बायका. कुठल्या ओहोटीला कुठला चिखल उघडा पडतो, कालवं कुठल्या खडकावर धरतात, कुठे पाण्याला रॉकेलसारखा वास येतो, हे त्यांच्या पायांना आणि नाकाला ठाऊक आहे. यंत्र एका जागी असतं, या बायका खाडीभर फिरतात. कॉलेजातल्या मुलींनी त्यांच्याबरोबर जावं, कुठे किती मिळालं ते वहीत उतरवावं आणि यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहावं. यातल्या कितीतरी मुली त्याच घरांतल्या असतील. आईला विचारायचं आणि लिहायचं, एवढंच.

आणि दर आठवड्याला प्राणवायू, गढूळपणा, अमोनिया हे तीन आकडे तरी मासळी बाजारात फळ्यावर लागावेत. मराठीत, मोठ्या अक्षरांत, शेजारी ‘चांगलं’ की ‘वाईट’ ते लिहून. खडू आणि फळा, फार खर्च नाही त्याला.

हे मी त्या मावशींना सांगितलं, तेव्हा त्या तिसऱ्या मोजता मोजता म्हणाल्या, ‘‘लावा फळा. पण वाईट लिवलं त्या दिवशी माझा माल कोन घेनार, तेपन इचारा त्यास्नी.’’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी दोन वाटे घेतले.