बर्ड फ्लू : कोंबड्यांना लस दिली, तर लागण ओळखणार कशी?

फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये भारतातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला. 2021 मध्ये तो नवापुरात परतला. दोन्ही वेळा उपाय एकच होता : लागण झालेल्या पोल्ट्रीतल्या आणि आसपासच्या कोंबड्या मारून पुरायच्या. त्यामुळे प्रश्न येतोच, लस का देत नाहीत? याच्या उत्तराचा मोठा भाग रक्ततपासणीत दडलेला आहे.

रक्तात काय दिसतं?

विषाणूची लागण झाली की कोंबडीच्या रक्तात अँटीबॉडी तयार होतात. त्याला साधारण आठवडा लागतो. पण घातक एच5एन1 ची लागण झालेली कोंबडी बहुतेकदा त्याआधीच मरते. म्हणून साथीच्या वेळी पीसीआर चाचणीने थेट विषाणू शोधतात.

अँटीबॉडी चाचणी उपयोगी पडते ती छुप्या लागणीचा माग काढायला. उदाहरणार्थ, एच9एन2 सारखा सौम्य विषाणू. त्यासाठी प्रत्येक कोंबडीचं रक्त घ्यावं लागत नाही. 10 हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये 10 टक्के कोंबड्यांना लागण होऊन गेली असेल, तर कुठल्याही 30 कोंबड्यांच्या नमुन्यांतून ती सापडण्याची शक्यता 95 टक्के असते.

लस दिल्यावर अडचण काय?

लशीमुळेही अँटीबॉडी तयार होतात. मग अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तो लशीमुळे की लागणीमुळे, हे साध्या चाचणीत कळत नाही. शिवाय लस घेतलेली कोंबडी आजारी न दिसताही विषाणू पसरवू शकते. शेडमध्ये मरतुक नाही, म्हणजे विषाणू नाही, असं म्हणता येत नाही.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला, विषाणूचा फक्त एच5 हा भाग असलेली लस वापरायची. मग विषाणूच्या आतल्या न्यूक्लिओप्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी सापडल्या, तर ती खरी लागण. दुसरा, कळपात काही कोंबड्या लस न देता ठेवायच्या आणि त्यांच्यावर नजर ठेवायची.

खरा पेच

फ्रान्सने ऑक्टोबर 2023 मध्ये बदकांचं लसीकरण सुरू केलं. अमेरिकेने लगेच तिथल्या पोल्ट्री उत्पादनांच्या आयातीवर निर्बंध घातले. कारण हेच : लशीआड लपलेली लागण.

म्हणजे लस टोचली की काम संपत नाही. त्यानंतर शेडमधून नियमित नमुने घ्यावे लागतील, ते तपासायला प्रयोगशाळा लागतील. ती तयारी नसेल, तर लशीने कोंबड्या वाचतील, पण विषाणू नजरेआड जाईल.