घर बांधताना किल्लारी विसरू नये

लातूर-नांदेडकडे नवी जागा घेऊन घर आणि त्यालगत छोटासा कारखाना उभारणारा गृहस्थ आधी दर्शनी भागाचा विचार करतो. पायाचा भार मात्र गवंड्यावर सोपवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसे दगावली, ती केवळ धरणीच्या कोपाने नव्हे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदांचे ओझे यांनी झोपलेल्यांचा घात केला. १० जुलै २०२४ रोजी नांदेड-हिंगोलीनेही हादरा अनुभवला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा. जोते, दारे-खिडक्यांचा माथा आणि छत या तिन्ही पातळ्यांवर लोखंडी सळ्यांसह काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. कारखान्याच्या भिंतींनाही हाच न्याय हवा. रंगरंगोटी पुढेही करता येईल. राहून गेलेला पट्टा मागाहून घालणे अवघड आणि खर्चाचे.